मोठी गोणी टाकली की बंद पडतं

कॉम्प्युटर बिघडलेल्या घरात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, "मी काहीच केलं नाही हं." मी अजून चपला काढत असते, विचारलेलं काहीच नसतं. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत सत्तावीस वर्षं मी हे दुरुस्तीचं काम करतेय आणि एवढ्या वर्षांत एकाही माणसाने काहीही केलेलं नाही. सगळे कॉम्प्युटर आपले आपणच बिघडलेत.

दुसरं वाक्य माझ्याबद्दल असतं. "बसा ना मॅडम. इंजिनियर मागून येतायत का?" पूर्वी मला राग यायचा. आता मी म्हणते, "येतायत. मी पिशवी खाली ठेवली की लागतीलच कामाला."

मग बिघाडाचं वर्णन. "अचानक स्क्रीन निळी झाली आणि त्यावर काहीतरी इंग्रजी आलं."

"काय आलं?"

"ते नाही वाचलं. इंग्रजी होतं."

हे सांगणारे गृहस्थ डोंबिवलीत तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले.

हा निळा पडदा म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगते. कॉम्प्युटरला प्रिंटर म्हणजे काय, कॅमेरा म्हणजे काय, यातलं जन्मतः काहीही ठाऊक नसतं. प्रत्येक यंत्राबरोबर एक छोटा प्रोग्राम येतो, तो या दोघांमध्ये दुभाष्याचं काम करतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. साधा प्रोग्राम बिघडला तर तो एकटाच बंद पडतो, बाकीचं घर चालू राहतं. ड्रायव्हरला मात्र थेट मशीनच्या गाभ्यात बसायला जागा दिलेली असते. तो काही भलतंच बोलून बसला की आणखी नुकसान नको म्हणून मशीन हातातलं सगळं टाकतं, पडदा निळा करतं आणि पुन्हा सुरू होतं. पण जाता जाता शेवटच्या क्षणी कोण काय करत होतं, हे एका फाइलमध्ये लिहून ठेवतं. ती फाइल वाचायला अर्धा तास आणि थोडं डोकं लागतं. सगळं पुसून नव्याने भरायला, म्हणजे फॉरमॅट मारायला, डोकं लागत नाही. आमच्या धंद्यात फॉरमॅटची एवढी चलती का आहे, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

ठाण्याला घोडबंदर रोडच्या एका मोठ्या सोसायटीत एका काकांना मी सांगितलं, "काका, तुमचा ड्रायव्हर खराब आहे."

काका म्हणाले, "त्याला मी दोन वर्षांपूर्वीच काढला. आता मुलगा चालवतो गाडी."

गैरसमज दूर करून मी ड्रायव्हर दुरुस्त केला आणि घरी आले. काकांनी त्या दिवशी नवीन ज्ञान मिळवलेलं असल्याने ते स्वस्थ बसले नाहीत. इंटरनेटवरून त्यांनी सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये ताजे करून देणारं फुकट सॉफ्टवेअर उतरवलं आणि ती एक क्लिक केली. आधी आवाज गेला, मग वायफाय, मग निळा पडदा दर दहा मिनिटांनी. मी पुन्हा गेले तेव्हा काका दारातच उभे होते. "मॅडम, मी काहीच केलं नाही."

असे किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत आणि ते सांगताना मी फार रंगते, असं माझा नवरा म्हणतो. तो असंही म्हणतो की तुझ्या हातापेक्षा तुझी जीभ जास्त चालते. हे मी बरीच वर्षं कौतुक समजत होते. गिऱ्हाइकंही हसायची. गायकवाड मॅडम आल्या की करमणूक होते, म्हणायची. एका बाईची नोकरी या करमणुकीत गेली, ती गोष्ट मी आजवर फार कुणाला सांगितलेली नाही. आज सांगते.

मानपाड्याला इंडस्ट्रियल एरियात रंगाची पावडर बनवणारा एक लहान कारखाना होता. मालकांना आपण पाटणकर म्हणू. माणूस तसा सभ्य, पण सतत घाईत. फोनवर "हॅलो" म्हणायलाही त्यांना वेळ नसायचा, थेट तक्रार सुरू. "मॅडम, डिस्पॅचचा कॉम्प्युटर मरतोय. दिवसातून चार-चार वेळा. आज चुकीच्या वजनाचा माल नाशिकला गेला. या लवकर."

डिस्पॅच म्हणजे माल बाहेर पाठवायचा विभाग. शेडच्या टोकाला जमिनीत बसवलेला वजनकाटा, त्याला चिकटून एक लोखंडी टेबल, टेबलावर कॉम्प्युटर आणि लेबल छापायचा प्रिंटर. हमाल काट्यावर गोणी टाकणार, वजन आपोआप कॉम्प्युटरमध्ये चढणार, लेबल निघणार, ते गोणीला चिकटवायचं. मध्येच मशीन बंद पडलं की नोंद अर्धवट राहायची, मग पुन्हा वजन, पुन्हा लेबल. एका गोणीला दोन लेबलं, दुसरीला एकही नाही, आणि बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवतोय.

त्या टेबलावर रेखा साळवे बसायची. पस्तिशीची असेल. टिटवाळ्याहून यायची, नेटकी साडी, केसांना घट्ट चाप, बोलणं कमी. तीन वर्षं कंत्राटावर होती आणि दिवाळीनंतर तिला कायम करणार, असं पाटणकरांनी कबूल केलेलं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी वेगळी वागले असते, असं मला म्हणायला आवडेल.

दुसऱ्या पाळीला एक गृहस्थ बसायचे, त्यांच्या पाळीत मशीन कधीच बंद पडायचं नाही. पाटणकरांनी हे मला मुद्दाम सांगितलं. "फक्त हिच्याच हातात मरतो, मॅडम. आता तुम्हीच काय ते समजा."

मी समजले. एवढ्या वर्षांचा अनुभव होता ना.

रेखा माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? मोठी गोणी टाकली की बंद पडतं."

"काय?"

"पन्नास किलोची. पंचवीसची टाकली तर नाही पडत. माझ्या पाळीत मोठा माल असतो ना, म्हणून..."

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. शेडमध्ये पाच-सहा माणसं उभी होती, पाटणकर होते, हमालांचे मुकादम म्हात्रेमामा होते. एवढे श्रोते समोर असताना मी गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी म्हणाले, "अगं बाई, वजन काट्याने उचलायचं असतं, कॉम्प्युटरने नाही. त्याच्या कंबरेत उसण भरते का?"

सगळे हसले. रेखाही हसली, खाली बघत.

मी कॉम्प्युटर तिथून काढून पाटणकरांच्या केबिनमध्ये नेला. एसी चालू, चहा समोर. मशीन उघडून बघितलं, कुणीतरी पेनड्राइव्ह लावून गाणी भरलेली, दोन-तीन किरकोळ व्हायरस होते. झालं, गुन्हेगार सापडला. फॉरमॅट मारला, सगळं पुन्हा भरलं, दोन तास मशीन चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. कसं पडेल? काटा शेडमध्ये, मशीन केबिनमध्ये. आजारी माणसाला त्याच्या घरातून उचलून महाबळेश्वरला न्यायचं आणि तिथे तो खोकत नाही म्हणून ठणठणीत असल्याचा दाखला द्यायचा, असला प्रकार. निळ्या पडद्याने लिहून ठेवलेल्या फाइल्स मी न वाचताच पुसल्या होत्या.

पाटणकरांनी विचारलं, "मग नक्की प्रॉब्लेम काय होता?"

आणि मी माझं आवडतं वाक्य टाकलं. ते मी शेकडो ठिकाणी टाकलेलं आहे आणि प्रत्येक ठिकाणी हशा घेतलेला आहे. "साहेब, मशीन ओके आहे. मशीनसमोरचं माणूस बदलून बघा."

पाटणकर हसले. मीही हसले. चहा संपवून मी निघाले. मी दारातून बाहेर पडले तेव्हा रेखा लेबलांचा रोल लावत होती. तिने मान वर केली नाही.

पाच-सहा आठवड्यांनी पाटणकरांचा फोन. "मॅडम, डिस्पॅचचा अजून मरतोच आहे. महिनाभर वाट बघितली, आता पुरे."

मी गेले. टेबलावर पाटणकरांचे मेव्हणे बसलेले. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर, चेहऱ्यावर सगळ्या जगाने आपल्याला फसवल्याचा भाव. मी विचारलं, "रेखाताई कुठायत?"

पाटणकर म्हणाले, "तिला काढलं ना. तुम्हीच म्हणालात, माणूस बदला."

मला वाटलं, थट्टा करतायत. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती. घाईतल्या माणसाला विनोद ओळखायला वेळ नसतो, त्याने ते तज्ज्ञाचं मत म्हणून घेतलेलं.

"अहो, मी ते गमतीत म्हणालेले."

"असं होय," पाटणकर म्हणाले. "पण चुका होत होत्याच ना तिच्या. बरं, आता हे बघा आधी, ट्रक उभा आहे."

मी टेबलापाशी गेले. या वेळी मशीन केबिनमध्ये नेलं नाही. म्हात्रेमामा काट्याशेजारी उभे होते. साठीचे, मानपाड्याचेच, गळ्यात पंचा. मी म्हणाले, "मामा, गोण्या टाकायला लावा जरा. आधी छोट्या."

पंचवीस किलोच्या सहा गोण्या टाकल्या. वजन चढलं, लेबलं निघाली.

"आता मोठी."

पहिली मोठी गोणी धप्पकन पडली, काही झालं नाही. दुसरी पडली, काटा हादरला, त्याला टेकलेलं लोखंडी टेबल हादरलं आणि माझ्या डोळ्यांदेखत पडदा निळा झाला. मेव्हणे म्हणाले, "मी काहीच केलं नाही." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मला खरं वाटलं.

म्हात्रेमामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीनं सांगितलेलं ना तुमाला? मोठी गोन, मोठी गोन म्हनून."

मी खाली बसले आणि ती फाइल उघडली, जी पहिल्याच दिवशी उघडायला हवी होती. शेवटच्या क्षणी कोण काय करत होतं, ते स्वच्छ लिहिलेलं होतं. काटा जुना, त्याची पिन गोल, नव्या कॉम्प्युटरला तसली जागाच नाही. म्हणून कुणीतरी मध्ये एक स्वस्तातली जोडकेबल लावलेली, आणि तिच्याबरोबर आलेल्या सीडीतला ड्रायव्हर भरलेला. फॉरमॅटनंतर मीच तो पुन्हा भरला होता, त्याच सीडीतून. केबलची पिन सैल होती. मोठी गोणी पडली की टेबलाला धक्का बसायचा, पिन क्षणभर सुटायची आणि परत लागायची. चांगला ड्रायव्हर असता तर तो म्हणाला असता, बरं, काटा गेला, आला की कळवतो. हा ड्रायव्हर समोर कुणी आहे की नाही हे न बघताच बोलत राहायचा आणि स्वतःबरोबर सगळं मशीन खाली घेऊन जायचा.

न बघता बोलत राहणाऱ्याबद्दल मी आणखी काही लिहीत नाही.

केबल काढून मी दहा मोठ्या गोण्या टाकायला लावल्या. मशीन एकदाही बंद पडलं नाही. केबल लावली, तिसऱ्या गोणीला निळा पडदा. मग कल्याणहून चांगली केबल आणली, तिचा नीट ड्रायव्हर भरला, टेबल काट्यापासून वीतभर मागे सरकवलं. तासभर पन्नास किलोचा माल चढत होता. लेबलांमागून लेबलं, एकही अडखळ नाही.

म्हात्रेमामांनी टेबलाच्या खणातून एक लांब वही काढून माझ्या हातात दिली. "तिची हाय. जाताना इसरली."

वहीत रेखाचं अक्षर. प्रत्येक वेळी मशीन बंद पडलं त्याची तारीख, वेळ, गोणीचं वजन. "५० किलो – बंद." "२५ – चालू." "५० हळू ठेवली – चालू." "५० जोरात – बंद." एका पानावर खाली लिहिलेलं, "धक्क्याचा संबंध असेल का? मॅडमना विचारणे."

मॅडमना विचारलं होतं तिने. मॅडमनी उत्तरही दिलं होतं.

मी वही घेऊन पाटणकरांच्या केबिनमध्ये गेले. म्हणाले, "साहेब, चूक केबलची होती, ड्रायव्हरची होती आणि माझी होती. त्या बाईंची नव्हती. त्यांना परत बोलवा."

पाटणकर मोबाइलवर काही टाइप करत होते. "आता मेव्हण्याला बसवलंय हो. झालं ते झालं. तुम्ही कशाला मनाला लावून घेताय?"

म्हात्रेमामांकडून तिचा पत्ता घेतला आणि रविवारी टिटवाळ्याला गेले. जाताना काय बोलायचं ते जुळवत होते आणि जे सुचत होतं ते सगळं विनोदी होतं. मला दुसरं काही येतच नाही, हे त्या दिवशी कळलं.

रेखा स्टेशनजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागलेली. एका हाताने झेरॉक्स काढत होती, दुसऱ्याने लॅमिनेशनच्या मशीनमध्ये कुणाचंतरी आधार कार्ड सरकवत होती. मला बघून थांबली नाही. "बोला मॅडम. काय काढायचंय?"

मी वही पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं. केबल, पिन, धक्का, ड्रायव्हर. तुमचं बरोबर होतं, म्हणाले. तिने ऐकून घेतलं. मध्ये दोन गिऱ्हाइकं आली, त्यांचं काम करून दिलं, मग पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली.

"मी सॉरी म्हणायला आले," मी म्हणाले.

ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही ते कंबरेचं बोललात तेव्हा सगळे हसले. मीपण हसले. ते मला जास्त लागलं. घरी जाऊन आईला सांगितलं तर आई म्हणाली, तू का हसलीस?"

मी काउंटरवरची वही उगीचच सरळ करून ठेवली.

"तीन ठिकाणी विचारायला गेले. प्रत्येक जण विचारतो, आधीचं काम का सोडलं? पाटणकर साहेबांना फोन लावतात. ते सांगतात, चुका करायची." तिने काउंटरवरून एक कोरा कागद ओढला आणि पेनासकट माझ्यासमोर ठेवला. "सॉरी नको. लिहून द्या."

मी लिहायला बसले. "काही तांत्रिक कारणांमुळे..." अशी सुरुवात केली. तिने उलटं वाचलं आणि म्हणाली, "'काही' नको लिहू. म्हणजे, लिहू नका. कोणतं कारण ते लिहा."

मी तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. वजनकाट्याच्या जोडकेबलचा ड्रायव्हर सदोष होता, त्यामुळे संगणक बंद पडून नोंदी चुकत होत्या. श्रीमती साळवे यांनी हे कारण अचूक ओळखून मला सांगितलं होतं. मी त्यांचं म्हणणं तपासलं नाही आणि मालकांना चुकीचा सल्ला दिला. दोष त्यांचा नव्हता. खाली सही, पिशवीत असतो तो माझा बिलांचा शिक्का, फोन नंबर.

तिने पूर्ण वाचलं. एकदा मनात, एकदा ओठ हलवत. मग तो कागद प्लॅस्टिकच्या दोन पापुद्र्यांत घालून लॅमिनेशनच्या मशीनमध्ये सरकवला. दुसऱ्या बाजूने तो गरम, कडक होऊन बाहेर आला. तिने कडा कातरल्या आणि म्हणाली, "आता कुणाला फाडता यायचा नाही."

त्या कागदाची एक झेरॉक्स मी पाटणकरांना पाठवली. त्यांचा फोन आला. या वेळी "हॅलो" म्हणाले. "मॅडम, असं लेखी कशाला दिलंत? कारखान्याचं नाव खराब होतं." मी म्हणाले, नावाला मशीनसारखा फॉरमॅट मारता येत नाही साहेब. तेव्हापासून ते दुसऱ्या कुणाला बोलावतात. वाईट वाटलं, खोटं का सांगू, जुनं गिऱ्हाईक होतं.

रेखाचं काही महिने काहीच कळलं नाही. मग आंबिवलीहून एका गोदामाच्या मॅनेजरचा फोन आला. त्यांचे बारकोड वाचायचे दोन स्कॅनर लावले की कॉम्प्युटर निळा होत होता. मी गेले. काउंटरच्या मागे रेखा बसलेली, समोर चार माणसं तिच्या हाताखाली. मी ओळखीचं हसले, तिने मान हलवली.

मॅनेजर पुढे होऊन म्हणाले, "साळवे मॅडमनीच तुमचा नंबर दिला. त्यांच्याकडे तुमचं एक सर्टिफिकेट आहे ना, लॅमिनेट केलेलं, मुलाखतीलाच टेबलावर ठेवलेलं. मी असं सर्टिफिकेट पहिल्यांदा बघितलं, देणाऱ्याचीच चूक लिहिलेलं. म्हटलं, अशा बाईंना दुरुस्तीला बोलवावं की नाही?"

"मग?" मी विचारलं.

"मी यांनाच विचारलं. या म्हणाल्या, कामाला चांगल्या आहेत. फक्त त्या काही गमतीचं बोलल्या, तर तुम्ही लगेच कुणाला काढू नका."